चिकाची भांडी

आमच्या तांबुळवाडीत एक रीत होती. गाय व्यायला टेकली की गल्लीतल्या बायका आपापलं भांडं आधीच त्या घरी नेऊन ठेवायच्या. कुणाचा गडू, कुणाची किटली, कुणाचा झाकणाचा डबा. गाय व्याली की वासराचं पोट भरून उरलेला चीक त्या भांड्यांतून घरोघर जायचा आणि संध्याकाळी सगळ्या गल्लीला खरवसाचा, वेलदोड्याचा वास सुटायचा. नेम एकच होता. त्या घरातून भांडं रिकामं परत यायचं नाही. आलं तर गोठ्याला दृष्ट लागते म्हणे.

दृष्टीबिष्टीवर माझा विश्वास नाही. मी डेअरीवर बसून लोकांच्या दुधाची फॅट काढणारा माणूस, मशीन सांगेल ते खरं मानायची सवय. तरीपण त्या साली उज्वलावैनींच्या फळीवर सात-आठ भांडी लागली, त्यांत एक डबा माझ्याही घरचा होता. बायकोने नेऊन ठेवला होता आणि मी नको म्हटलं नव्हतं. गावात चीक बघून सहा वर्षं झाली होती. पोरांना खरवस म्हणजे दुकानातलं पिवळं पाकीट एवढंच माहीत होतं.

असं का झालं ते सांगायचं तर मण्यापासून सुरुवात करावी लागेल.

कंपनीने त्या वस्तूला भारदस्त नाव दिलं होतं, पण ते कुणाच्या तोंडी बसलं नाही. ज्वारीच्या दाण्याहून थोडा मोठा, पांढरट, गायीच्या कानामागे कातडीखाली सरकवायचा. म्हणून लोक त्याला मणी म्हणायला लागले. अमक्याने दोन गायींना मणी घातला, तमक्याचा मणी लागू पडला नाही, अशी बोलणी डेअरीच्या कट्ट्यावर चालायची.

मणी काय करायचा ते कंपनीच्या माणसाने आम्हाला हळदीच्या गोदामात बसवून सांगितलं होतं, आणि त्याला चांगलं सांगता येत होतं. गायीच्या मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी ग्रंथी असते. तिच्यातून वाढीचं संप्रेरक रक्तात उतरतं. वासरू लहान असतं तोवर ते त्याला वाढवतं. पुढे गाय व्याली की तेच संप्रेरक शरीराला सांगतं, खाल्लेल्या अन्नातली साखर आणि चरबी कासेकडे वळवा. काही महिन्यांनी हा हुकूम ढिला पडतो, कासेतल्या दूध करणाऱ्या पेशी एकेक करून मरतात, आणि गाय आटते. मग तिने विसावा घ्यायचा, नव्या पेशी धरायच्या, पुन्हा व्यायचं. पूर्वी परदेशात हे संप्रेरक दर पंधरवड्याला सुईने टोचायचे. मण्याला सुई लागत नव्हती. त्याच्या जाळीदार कवचात जिवंत पेशी होत्या. त्या गायीच्याच रक्तावर जगायच्या, संप्रेरक करायच्या आणि कासेतली एकही पेशी मरू द्यायच्या नाहीत. मणी आहे तोवर गाय आटत नाही, म्हणून तिला पुन्हा गाभण ठेवायची गरजच नाही.

"थोडक्यात काय," तो माणूस म्हणाला होता, "मण्याला एकच वाक्य येतं. आधी कास, मग जनावर."

सगळे हसले. टाळ्यापण पडल्या.

पहिल्या वर्षी ज्यांनी मणी घातला त्यांचं भलं झालं, हे कबूल करायला पाहिजे. दारात गाड्या आल्या, घरांना स्लॅब पडले. दुसऱ्या वर्षी ते बघून सगळ्यांनीच घातला. आता दूध पिणारी तोंडं होती तेवढीच आणि दूध झालं दीडपट, तेव्हा संघाने दर पाडला. जास्त दुधाला जास्त पेंड लागते, पेंडीची मागणी वाढली, पेंड महागली. तिसऱ्या वर्षी गवळी दीडपट दूध घालून पूर्वीएवढेच पैसे घरी न्यायला लागला, आणि कंपनीला मण्याचं भाडं वरती द्यायला लागला. एवढं कळल्यावर मणी काढून टाकावा की नाही? तर तेही जमेना. मण्याशिवायच्या गायीचं दूध पूर्वीएवढंच आणि दर मात्र पडलेला. शिवाय वर्षातले दोन महिने भाकड गाय बसून पोसायची. घातला तर बरोबरी, नाही घातला तर मरण. जत्रेत पुढच्याने टाचा उंचावल्या की मागच्यालाही उंचावाव्या लागतात, आणि शेवटी सगळ्यांचे पाय दुखतात, दिसतं मात्र आधी होतं तेवढंच. फॅटच्या मशीनपलीकडे बसून हे सगळं मी बघत होतो. भाकड हा शब्द गोठ्यातून गेला, तो फक्त आमच्या गप्पांना लावायला उरला.

सर्जेरावदादा माझा चुलतभाऊ. त्याने सगळ्यांत शेवटी मणी घातला, तोही बायकोशी, म्हणजे उज्वलावैनींशी, भांडून. त्याच्याकडे एकच गाय राहिली होती, पुनव. कपाळावर चांद असलेली, वैनींनी बाटलीने दूध पाजून वाढवलेली. तिची आई व्याल्याबरोबर गेली होती. वैनी हाक मारायच्या तेव्हा ती रवंथ थांबवून बघायची.

"एकटीच्या जिवावर घर चालतंय," दादा म्हणाला. "दर असा पडलाय, काय करू सांग की."

"काळं मणी माझ्या गळ्यात घातलंसा, त्यात माझं काय भलं झालं ते बघितलंय मी," वैनी म्हणाल्या. "आता तिच्या मागं लागलायसा?"

आम्ही हसलो. वैनी हसल्या नाहीत. मणी घालायला डॉक्टरीण आली तेव्हा त्या पुनवीचं तोंड धरून उभ्या राहिल्या आणि नंतर बरेच दिवस दादाशी कामापुरतं बोलल्या.

मण्याच्या गायी सहसा माजावर येत नाहीत. पुनव आली. आणि बिरोबाला सोडलेला म्हातारा वळू, ज्याला गावाने केव्हाच पेन्शनीत काढला होता, तो ओढ्याच्या अंगाने आला आणि त्याने आपलं काम केलं. कुणाला पत्ता नाही. कंपनीची डॉक्टरीण तपासणीला आली, तिने पोटावर यंत्र फिरवलं आणि पुन्हा फिरवलं.

"काका, गाय गाभण आहे. पाचवा लागलाय. मण्याच्या गायीला हे झेपत नाही. आपण तिला खाली करून घेऊ, इंजेक्शनने होईल."

"खाली करायला ती काय पोतं हाय व्हय?" वैनी म्हणाल्या.

डॉक्टरीण चांगली मुलगी होती, चिडली नाही. तिने समजावलं. एकाच शरीरातून कास ओढणार आणि पोटातलं वासरूही ओढणार. दुसरा मार्ग म्हणजे मणी काढायचा. पण तो आता मांसात रुजलाय, त्याला शिरा फुटल्यात, तो शस्त्रक्रियेनेच निघेल, आणि त्यासाठी कंपनीची परवानगी लागते.

"परवानगी मिळाली आणि मणी निघाला, तर काही हरकत नाही. मग सातवा लागला की नेहमीसारखं आटवायला घ्या."

वैनींनी त्यातलं शेवटचं वाक्य मनात पक्कं धरलं. नेहमीसारखं आटवणं त्यांना येत होतं, सासूने शिकवलं होतं.

त्याच आठवड्यात पुण्याहून तनूचा फोन आला. तनिष्का, त्यांची एकुलती एक लेक, पहिलटकरीण. फोन चुलीजवळच्या कोनाड्यात ठेवलेला, आवाज मोठा केलेला, त्यामुळे गल्लीनेही ऐकला.

"आई, मला खरवस खायचाय. पाकिटातला नाही. आपल्या घरचा, तळाला जाळी पडलेला."

"डोहाळं आत्ता, आणि खरवस चार महिन्यांनी, चालंल का?"

"म्हणजे?"

"तुला पाचवा न्हवं? पुनवीलाबी पाचवाच हाय."

तनू पलीकडून किंचाळली. मग दोघी किती वेळ हसत होत्या. शेवटी तनू म्हणाली, "माझा गडू फळीवर ठेव बघू. सगळ्यांच्या आधी." तो तिचा लहानपणीचा पितळी गडू, काठाला पोचा आलेला. वैनींनी तो चिंचेने घासून फळीवर पहिला ठेवला. बातमी गल्लीत गेली आणि मग बाकीची भांडी आली. म्हाताऱ्या बायका नुसत्याच येऊन पुनवीच्या पाठीवरून हात फिरवून जायच्या. एका गाभण गायीने गावाला एवढा आनंद होईल असं मला वाटलं नव्हतं.

दादा कारखान्याच्या ऊसवाहतुकीत ट्रॅक्टर चालवत होता. गळीत हंगाम जोरात, पहाटे जायचा तो जेवायला आणि पाठ टेकायला यायचा. तरी मधल्या वेळेत त्याने परवानगीसाठी कंपनीच्या तालुक्याच्या ऑफिसात खेटे घातले. एक सही झाली की दुसरीला साहेब नाही. पुनवीला सातवा लागला आणि एका दुपारी वैनी दूध घालायला डेअरीवर आल्या असताना त्याचा फोन आला. मागे ट्रॅक्टरची घरघर चालू होती.

"उज्वला, मण्याचं काम झालं बग!"

"झालं? खरंच?"

"झालं, झालं. काळजी करू नगं," आणि फोन कट.

वैनींनी किटली खाली ठेवून बिरोबाच्या दिशेने हात जोडले. मलाही बरं वाटलं. आपल्याकडे काम झालं म्हटल्यावर काय झालं असं कोण विचारतं? तलाठ्याकडे, कारखान्यात, कॉलेजात, सगळीकडे आपलं काम होत असतं, आणि झालं की आपण पेढे वाटतो.

दादाला म्हणायचं होतं की अर्ज मंजूर झाला. मणी काढायला तारीख मिळाली होती, पुढच्या महिन्याची. वैनींना ऐकू आलं की मण्याचं काम संपलं, तो बंद झाला. तिकडनंच बंद केला असंल, त्या मला म्हणाल्या, हल्ली सगळं तिकडनंच करत्यात. मी मान डोलावली. मोबाइलवरून विहिरीची मोटर बंद होते, मग मणी का होणार नाही? रात्री दादा आला तो जेवता जेवता पेंगत होता. विषय झाला आहे असं दोघांनाही वाटत होतं, म्हणून तो कुणी काढलाच नाही.

दुसऱ्या दिवसापासून वैनींनी पुनवीला आटवायला घेतलं. पेंड तोडली. हिरवी वैरण बंद केली, नुसता कडबा. पाणी एकदाच. धार रोजची दिवसाआड केली. आटवण्याची हीच रीत आहे, आणि हजार गायी अशाच सुखाने आटल्या आहेत. खायला कमी मिळालं की शरीर आपणच दूध आवरतं, कारण शरीराला माहीत असतं आधी काय वाचवायचं ते.

मण्याला ते माहीत नव्हतं. त्याला एकच वाक्य येत होतं.

दूध कमी होईना. वैनींना वाटलं, जातीची दुधाळ आहे, हट्टी आहे. त्यांनी कडबाही निम्म्यावर आणला. पुनव गव्हाण चाटत उभी राहायची आणि त्या तिला समजावायच्या, "सोस बाई थोडं. तुझ्याच भल्याचं हाय. मग दोन महिनं बसून खा." मला हे ठाऊक आहे कारण आमचा गोठा शेजारी आहे आणि भिंत अर्धीच आहे.

दिवसाआड त्या दूध घेऊन यायच्या. एकदा मी मशीनचा आकडा बघून ओरडलोच, "वैनी, पुनवीची फॅट बघा की! एवढी आजवर कधी लागली न्हवती."

"आटाय लागली की दूध दाट हुतंयच, भावजी," त्या समाधानाने म्हणाल्या.

तेही खरंच आहे, तसं होतं. पण ती फॅट त्या दुधाची नव्हती. ती पुनवीच्या अंगावरची चरबी होती, वितळून कासेत उतरत होती. गाय किटलीतून माझ्यासमोर येत होती आणि मी तिला चांगले मार्क देत होतो.

मग एका दिवशी भर दुपारी वैनींची हाक आली. गेलो तर पुनव खाली बसलेली, मान पोटाकडे वळलेली, कान गार. उठवायला गेलो तर मागचे पाय थरथरले आणि ती पुन्हा बसली. मी डॉक्टरिणीला फोन केला आणि दादाला केला. दादा ट्रॅक्टर वाटेत सोडून दुसऱ्याच्या मोटरसायकलवर आला.

डॉक्टरिणीने आल्या आल्या कॅल्शियमची बाटली लावली. मग पुनवीच्या बरगड्यांवरून हात फिरवला, रिकामी गव्हाण बघितली, कानामागे यंत्र धरलं.

"मणी चालूच आहे," ती म्हणाली. "पूर्ण जोरात. मग खुराक कुणी तोडला?"

वैनी दादाकडे बघत होत्या.

"काम झालं म्हणलासा तुमी."

दादाचा चेहरा मी कधी विसरणार नाही. त्याला आधी कळलंच नाही, आणि मग कळलं.

"अर्जाचं गं," तो म्हणाला. "अर्जाचं काम झालं म्हणलो मी."

डॉक्टरिणीने आवाज खाली आणला. खायला कमी पडलं तेव्हा मण्याने दूध थांबवलं नाही, तो अंगावरून घेत गेला. आधी चरबी, मग मांस, मग हाडांतला चुना. रक्तात चुना उरला नाही की पाय उचलत नाहीत, शेवटी काळीजही उचलत नाही. वासरू आतमध्ये आधीच गेलं होतं. एवढं सांगून ती बाटली धरून उभी राहिली. दुसरं तिच्या हातात काही नव्हतं.

पुनवीची कास ताठ होती. तेवढ्यातही ती भरत होती. वैनी खाली बसल्या आणि त्यांनी बोटांनी हळूच पिळली, तिला ठणका लागू नये म्हणून. धार मातीत गेली. पुनव त्यांच्याकडे बघत होती, आणि वैनी तिला तेच म्हणत होत्या जे पान्हा सोडायला म्हणायच्या, ये गं माझी बाई, ये, फक्त उलटं, "बास गं माझी बाई, बास, नगं देऊ आता." पुनव देत राहिली. ऊन भिंतीवरून उतरायच्या आत ती गेली.

दादा आणि वैनी भांडले नाहीत. भांडले असते तर बरं झालं असतं, निदान आवाज तरी झाला असता. तो म्हणायचा, चूक माझी, मी नीट सांगितलं नाही. ती म्हणायची, पेंड मी तोडली, माझ्या हाताने. दोघंही आपापलं एवढं बोलून गप्प बसायचे आणि एकाच घरात दोन माणसं एकेकटी राहायला लागली. मीही माझ्या मनाशी काही बोललो, पण ते इथे सांगण्यासारखं नाही.

भांडी न्यायला कुणी गेलं नाही. कुठल्या तोंडाने जाणार? फळीवर ती तशीच होती. शेवटी एका सकाळी वैनीच निघाल्या. प्रत्येक भांड्यात ओंजळभर जोंधळे आणि वर गुळाचा खडा घालून घरोघर देऊन आल्या. आमच्या दारात आल्या तेव्हा बायकोने डबा घेतला, आणि तिला रडू आवरेना.

"अगं, रिकामं द्यायचं नसतंय म्हणून," वैनी म्हणाल्या, जणू डब्यात जोंधळे का आहेत एवढाच प्रश्न होता.

तनूचा गडू तेवढा फळीवर राहिला.

तनू नवव्यात माहेरी आली. तिला फोनवर सांगितलं होतं, गाय गेली एवढंच. आल्या आल्या ती गोठ्यात जाऊन दावणीपाशी उभी राहिली आणि मग खरवसाचं नावही तिने काढलं नाही. आई-बाप एकमेकांशी बोलत नाहीत हे पोरीला दिसत होतं. ती बापाला ताट वाढायची आणि आईला म्हणायची, "आई, बाबांना विचार ना भाकरी हवी का," आणि वैनी भाकरी न विचारताच वाढायच्या.

बाळंतपण तालुक्याच्या दवाखान्यात झालं. मुलगी झाली, पण तनूला फार त्रास झाला, रक्त गेलं, चेहरा कागदासारखा पडला. आम्ही भेटायला गेलो तेव्हा नर्स बाळ घेऊन तिच्या उशाशी उभी होती.

"चला, बाळाला चीक पाजायचाय. पहिला चीक वाया घालवायचा नाही. घे गं, जवळ घे."

चीक म्हटल्यावर वैनी एकदम उठून उभ्या राहिल्या. मला वाटलं आता त्या बाहेर निघून जातील. दादालाही तसंच वाटलं असावं, तो दारातून बाजूला झाला.

वैनी गेल्या नाहीत. त्यांनी पिशवीतून पोचा आलेला पितळी गडू काढला. त्याच्यात हळिवाची खीर होती, अजून गरम.

"पाजंल की ती," त्या नर्सला म्हणाल्या. "आधी तिला खाऊ द्या."

"मावशी, बाळ रडतंय."

"रडू दे वाईच. आधी आई. मग बाळ."

नर्सने मान हलवली, पण बाळाला खांद्यावर घेऊन थोपटत राहिली. वैनी एकेक चमचा भरवत होत्या. तनू खात होती. निम्मा गडू झाल्यावर ती म्हणाली, "आई, पुरे. पोट भरलं." वैनींचा चमचा थांबला नाही. तिने पुन्हा पुरे म्हटलं.

दादा पुढे झाला. "अगं, बास म्हणतीया की ती."

"न्हाई," वैनी म्हणाल्या. किती दिवसांनी त्या नवऱ्याच्या तोंडाकडे बघून बोलत होत्या. "एकदा तोडलाय मी खुराक. आता न्हाई तोडायची."

दादाने त्यांच्या हाताखाली गडू धरला, तो हलू नये म्हणून. तनूने आईकडे बघितलं, बापाकडे बघितलं, आणि तोंड उघडलं. खीर संपेपर्यंत ती खात राहिली.